पाव मिलिमीटर

पंखा आधी, पंप मग, करंट शेवटी.
दारामागे शेडग्यांनी खडूने लिहून ठेवलंय,
कारण पाण्यातून हायड्रोजन सुटतो
आणि हायड्रोजनला वास नसतो.

रबाळे एमआयडीसी, दुसरी पाळी.
बाहेर टेम्पो मागे घेताना वाजणारी तीच ती धून,
आत मी आणि एक पातं,
माझ्या तळहाताएवढं:
टायटॅनियम, त्यात सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम.
कुठल्या विमानात बसणार ते आम्हाला सांगत नाहीत.

शेडगे बत्तीस वर्षं लेथवर होते.
टायटॅनियमचं नाव काढलं की अजून शिवी देतात.
म्हणतात, हा धातू ताप स्वतःकडे ठेवतच नाही,
टूलच्या अंगावर ढकलतो.
कार्बाइडचं टोक लालबुंद, आणि हा थंड,
भांडण लावून बाजूला बसलेल्या भाऊबंदासारखा.

इथे कुणी कुणाला शिवत नाही.
तांब्याचं टूल वरून येतं, मिनिटाला अर्धा मिलिमीटर,
पातं तेवढंच झिजत मागे हटतं,
आणि मधल्या पाव मिलिमीटरातून
खारं पाणी पिसाटल्यासारखं धावतं.
अठरा व्होल्ट. पोरांच्या खेळण्याला लागतात त्याहून थोडे जास्त.
अँपिअर मात्र तीन हजार.
ठिणगी नाही, कीस नाही, किंचाळणं नाही.
धातू नुसता पाण्यात निघून जातो,
जणू त्याला जायचंच होतं,
आजवर कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

बाबा घणसोलीच्या आगरात होते.
उघाडीतून भरतीचं पाणी आत घ्यायचं,
वाफ्यावाफ्यातून फिरवत घट्ट करायचं.
तयार झालं का, ते बोटं बुडवून सांगायचे,
बोटं एकमेकांना किती चिकटतात त्यावरून.
आता तिथे सेक्टर आहे. सेक्टरला बाग. बागेला कुलूप.

पहिल्याच आठवड्यात मीही
ग्लोव्ह काढून टाकीत बोट बुडवलं.
"मढवी!" शेडगे तिकडून ओरडले,
"कालपर्यंत याच पाण्यात इन्कोनेल चाललं होतं,
क्रोम असतं त्यात, हात धू आधी!"
धुतला.
पण खरं सांगते, मला काहीच कळलं नव्हतं.
पाणी होतं. कोमट.
मग मीटर लावला आणि आकडा वहीत लिहिला.

मंगळवारी रात्री दहाच्या सुमाराला फिल्टर तुंबला.
प्रेशर पडलं, फटीतलं पाणी अडखळलं,
टूल तर येतच होतं.
एकच आवाज, टाळूवर जीभ वाजावी तसा.
मशीन आपलं आपण बंद पडलं.
टूलला मसुराएवढा खड्डा,
पात्यावर काळा डाग, पुसला तरी न जाणारा.
शेडग्यांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं,
आणि शिवी न देता चहा मागवला.
त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रिजेक्शनच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो.
मी लिहिलं: स्पर्श झाला.
सकाळी इंजिनिअरने ते खोडून
शॉर्ट सर्किट केलं.

फिल्टर मात्र मीच उघडला.
आत पांढरा गाळ, ओल्या पिठासारखा,
दोन पाळ्यांत पात्यांतून जे जे निघून गेलं ते सगळं.
पिंपात भरून ठेवला. पिंपं तळोज्याला जातात.
तिथे पुरतात म्हणे.

घरी पोचले तर बाबा जागे.
माझ्या बाहीवर वाळलेला पांढरा पट्टा त्यांना दिसला.
"काय गो, आगर परत चालू झायला का?"
नाही बाबा, हे टायटॅनियम.
तोवर त्यांनी तो चिमटीत घेतला होता,
अंगठ्याने चोळत, दिव्याकडे धरून,
डोळे बारीक करून.
"दाणा नाय धरत," म्हणाले.

हात धुवा आधी, मी ओरडले,
शेडग्यांच्याच आवाजात.